सुरू उसातले कलिंगड : रोप तयार करा घरच्या पडवीत



सुरू उसाच्या लागणीचा हंगाम १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी असा धरला जातो. या लागणीत पहिले तीन-साडेतीन महिने ऊस लहान असतो. पाच फुटी सरीत ओळींमधली जागा, ऊन आणि पाणी बरेचसे मोकळे राहते. उसाचे बिल हाती यायला मात्र वर्ष उलटावे लागते. मधल्या काळात घरखर्च थांबत नाही. जून उजाडला की मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि खरिपाच्या बी-खताचा खर्च उभाच असतो. म्हणून बरेच सभासद सुरू उसात कलिंगड किंवा काकडी घेतात. त्यातून चार पैसे मिळतात आणि उसाच्या मशागतीचा खर्चही थोडाफार निघतो.

पण या आंतरपिकाला एक मुदत असते. सुरू उसाची मोठी बांधणी साधारण चार ते साडेचार महिन्यांनी येते. त्याआधी वेल रानातून निघाला पाहिजे. वेल उशिरा निघाला तर बांधणी लांबते, खताचा मोठा हप्ता मागे पडतो आणि नुकसान उसाचे होते. कलिंगडाचे चार पैसे मिळवताना उसाचे टन घालवणे हा तोट्याचा धंदा आहे. म्हणून आंतरपिकात दिवस वाचवायला हवेत, आणि ते वाचवायची सोपी जागा म्हणजे आपली घरची पडवी.

रानात बी टोकून काय होते?

कलिंगडाच्या बियाला उगवायला चांगली ऊब लागते. २५ ते ३० अंश तापमानात ते तीन-चार दिवसांत वर येते. जानेवारी अखेरीस आपल्याकडे दुपारी ऊन चांगले असते, पण पहाटे पारा पंधराच्या खाली जातो. ओल्या गार जमिनीत बी आठ-दहा दिवस नुसते पडून राहते. काही कुजते, काही उंदीर उकरून खातात. मग नांग्या भरायच्या. पहिला वेल हातभर झाला तरी शेजारचा अजून दोन पानांवर असतो. फळे एकदम काढणीला येत नाहीत आणि व्यापारी एका तोडीसाठी गाडी पाठवायला कुरकुरतो. संकरित बियाणे महाग असते, त्यामुळे वाया गेलेल्या प्रत्येक बियाचा चट्टा खिशाला बसतो.

यावर उपाय म्हणजे ट्रेमध्ये रोप तयार करून लावणे. रोपवाटिकेतून रोपे विकत मिळतात हे खरे. पण ऐन हंगामात हवी त्या दिवशी मिळतीलच असे नाही. आणि हे काम घरी होण्यासारखे आहे. मात्र रोपाच्या वयाप्रमाणे त्याची गरज बदलते, हे ओळखले पाहिजे. आधी ऊब, मग उजेड आणि शेवटी वारा. योग्य गोष्ट चुकीच्या वेळी दिली की रोप बिघडते. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आढळते.

पहिले तीन-चार दिवस : ऊब

७० कप्प्यांचे ट्रे घ्यावेत. वापरलेले असतील तर स्वच्छ धुऊन, वाळवून घ्यावेत. कोकोपीट भिजवून मोकळे करावे. मुठीत दाबले की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल पुरे. त्यात ट्रायकोडर्मा मिसळल्यास कोवळे रोप बुडाशी कुजून कोलमडण्याचा धोका कमी होतो. बी अर्धा इंच खोल टोकावे. फार वरवर टोकले तर रोप बियाचे टरफल टोपीसारखे डोक्यावर घेऊन वर येते आणि दले उघडत नाहीत. अशी टोपी कोरडी ओढू नये, दले तुटतात. पाण्याने ओली करून हलकेच काढावी. पाकिटातले बी रंगीत असेल तर त्यावर औषध आधीच चोळलेले असते. ते धुऊ नये, हाताळताना हातमोजे घालावेत आणि पाकिटावरील सूचना वाचाव्यात.

पेरलेले ट्रे एकावर एक रचून, सर्वांत वर एक रिकामा ट्रे ठेवून, काळ्या प्लास्टिकने चारी बाजूंनी गुंडाळावेत. उसाची एकडोळा रोपे करताना आपण ‘भट्टी’ लावतो, तोच हा प्रकार. भट्टी गोठ्याच्या किंवा पडवीच्या आतल्या बाजूला, पहाटेचा गारवा लागणार नाही अशी लावावी. या काळात बियाला उजेड नसला तरी चालतो, ऊब मात्र हवी. उन्हात भट्टी ठेवू नये. काळ्या प्लास्टिकखाली बी शिजून निघते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मधला एखादा ट्रे काढून बघावा. शंभरातल्या दहा-पंधरा कप्प्यांत रोपाची वाकलेली मान दिसली की भट्टी लगेच मोडावी. ‘राहिलेली उगवू देत, उद्या मोडू’ असे म्हणू नये. एका रात्रीत रोपे अंधारात ताणतात.

त्यानंतर : उजेड

मागच्या एका हंगामात गटात फिरताना एका घरी गेलो होतो. ट्रे आतल्या खोलीत, कणगीशेजारी मांडलेले. घरच्या काकी कौतुकाने म्हणाल्या, “साहेब, बघा की, चारच दिवसांत रोपं कशी वीतभर वर आली!” रोपे खरेच उंच होती. पण देठ पांढरट, दोऱ्यासारखे बारीक, आणि सगळी खिडकीकडे माना टाकून उभी.

“काकी, ही वाढली नाहीत, उजेड शोधत निघाली आहेत.”

“पण बाहेर थंडी किती पडतीया! गारठतील म्हणून आत घेतली.”

काकींची काळजी अगदी रास्त होती. थंडी रात्रीची असते. दिवसा बाहेर चांगले ऊन असताना रोप आत ठेवायचे कारण नाही. रात्री आत आणि दिवसा बाहेर, एवढा फेरा केला तरी काम भागते. काकींनी उरलेल्या बियांचे दोन ट्रे पुन्हा पेरले, या खेपेस अंगणात ठेवले, आणि ती रोपे बुटकी, जाड मानेची आणि गर्द हिरवी निघाली. ताणलेले रोप मात्र नंतर कितीही उन्हात ठेवले तरी देठ जाड होत नाही. रानात लावल्यावर पहिल्या वाऱ्याला ते आडवे होते.

म्हणून भट्टी मोडल्याबरोबर ट्रे उजेडात पसरावेत. पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे उघडी असलेली पडवी उत्तम. ट्रे जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा बाजेवर ठेवावेत. खालून हवा खेळते, मुळे जमिनीत जात नाहीत आणि कोंबड्यांचा त्रासही कमी होतो. ट्रेवर काठ्यांच्या कमानी करून बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी चारी बाजूंनी दाबून बसवावी. फुलकिडे आणि पांढरी माशी लहान रोपांवर विषाणूजन्य रोग आणतात. अशा रोगाचे रोप रानात गेले की त्यावर औषध नाही. रात्री कमानीवर प्लास्टिक ओढावे आणि सकाळी ऊन येताच काढावे. काढायचे विसरले तर दुपारपर्यंत आत भट्टी तयार होते.

पाणी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, बारीक झारीने द्यावे. उघड्या टाकीत रात्रभर गार झालेले पाणी पहाटे देऊ नये. संध्याकाळीही शक्यतो टाळावे. पाने आणि कोकोपीट रात्रभर ओले राहिले की कोलमड रोगाला आवतणच. रोज ठरलेले पाणी देण्यापेक्षा ट्रे उचलून वजन पाहावे. हलका लागला तर द्यावे. पहिले खरे पान दिसले की लिटरला दोन ग्रॅम १९:१९:१९ विद्राव्य खत एकदा द्यावे. कोकोपीटमध्ये स्वतःचे अन्न फारसे नसते.

शेवटचे तीन-चार दिवस : वारा

पडवीत लाडाने वाढलेले रोप एकदम माळावर नेले तर ते दचकते, पाने करपतात. लावणीच्या तीन-चार दिवस आधी रात्रीचे प्लास्टिक बंद करावे, ट्रे पूर्ण उन्हात आणि वाऱ्यावर ठेवावेत, पाणी थोडे कमी करावे. जाळी मात्र लावणीच्या दिवसापर्यंत ठेवावी. पाने किंचित जाड, टणक लागू लागली की रोप तयार.

पेरणीपासून १२ ते १५ दिवसांत, थंडी जास्त असल्यास १८ दिवसांत, दोन खरी पाने येतात. कप्प्यातून रोप अलगद ओढले की मुळांचा गड्डा अख्खा बाहेर यावा. गड्डा फुटला तर एक-दोन दिवस थांबावे. मुळे पांढरी सोडून तपकिरी झाली आणि गोल गोल फिरू लागली तर उशीर झाला असे समजावे. वेलवर्गीय पिकांची मुळे हलवाहलव सोसत नाहीत. लावणी दुपार टळल्यावर, ओल असलेल्या वरंब्याच्या बगलेला करावी. देठ मातीत गाडू नये.

दिवसांचा हिशेब उलटा मांडा

बरेच जण आधी बी पेरतात आणि मग रानाच्या तयारीला लागतात. ट्रॅक्टर मिळत नाही, बेणे येत नाही, मजूर दुसऱ्याकडे जातात. लागण आठ-दहा दिवस लांबते आणि रोपे ट्रेमध्ये म्हातारी होतात. बी डब्यात थांबते, रोप ट्रेमध्ये थांबत नाही. म्हणून आधी उसाची लागण पक्की करावी आणि मग मागे मोजावे.

उदाहरणार्थ, उसाची लागण २५ जानेवारीला आणि कलिंगडाची लावणी ५ फेब्रुवारीला ठरली, तर बी २१ जानेवारीला ट्रेत पडावे. भट्टी २४-२५ तारखेला मोडेल. लावणीनंतर ७० दिवस धरले तर एप्रिलच्या मध्यावर फळे काढणीला येतात. मोठी बांधणी २५ मेच्या पुढे. म्हणजे मध्ये महिनाभर मोकळा मिळतो.

रोपांचा हिशेब असा : पाच फुटी सरीत तीन फुटांवर एक रोप धरले तर एकरी सुमारे २,९०० रोपे बसतात. पण प्रत्येक सरीत वेल सोडला तर उसाच्या फुटव्यांवर सावली पडते. आमची शिफारस एक आड एक सरीची, म्हणजे एकरी १,४५० रोपे. मरतुकीसाठी दहा टक्के जादा धरून १,६०० घ्यावीत. त्याला ७० कप्प्यांचे २३ ट्रे लागतात. एक ट्रे साधारण दोन फूट लांब आणि एक फूट रुंद असतो, म्हणजे सगळे मिळून ४६ चौरस फूट. अडीच बाजांएवढ्या जागेत एकराची रोपे होतात! उसाचा सहा ते आठ आठवड्यांचा नत्राचा हप्ता मात्र वेल बाजूला सारून वेळेवर द्यावा.

तणनाशकाबाबत खबरदारी

हा भाग सर्वांनी नीट वाचावा. उसात सर्रास वापरली जाणारी अट्राझिन, मेट्रिब्युझिन आणि २,४-डी ही तणनाशके कलिंगड-काकडीला मारक आहेत. ज्या रानात वेल घ्यायचा तिथे ती मारू नयेत, तण खुरपणीनेच काढावे. २,४-डी मारलेला पंप रोपांना पाणी किंवा खत द्यायला कधीही वापरू नये. पंप धुतला तरी थोडा अंश राहतो आणि पाने आक्रसून वेडीवाकडी होतात. मग रोग आला म्हणून औषधांवर खर्च होतो. रोपांसाठी झारी आणि पंप वेगळा ठेवावा. शेजारचा फवारणी करणार असेल तर त्याला आधी सांगून ठेवावे आणि त्या दिवशी ट्रे आडोशाला घ्यावेत.

परसबागेसाठी

घरच्या भाजीसाठी टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपे याच पद्धतीने होतात. ट्रे ९८ कप्प्यांचा चालतो. बी बारीक असल्याने पाव इंच खोल टोकावे. दिवस मात्र जास्त लागतात. टोमॅटोला २५ ते ३०, वांग्याला ३० ते ३५ आणि मिरचीला ३५ ते ४०. मिरचीचे बी उगवायलाच आठवडा-दहा दिवस घेते, तेव्हा ‘बी खराब निघाले’ म्हणून ट्रे लवकर उपडा करू नये.

हे काम बहुतेक घरांत माय-बहिणींच्या हातून होते. रोप ताणले का, सुकले का, हे त्यांच्याच नजरेला आधी दिसते. तेव्हा हा लेख घरात मोठ्याने वाचून दाखवावा आणि लावणीची तारीख दोघांनी मिळून ठरवावी. पहिल्या वर्षी सगळे रान न धरता अर्ध्या एकरावर करून पाहावे. त्याला बारा ट्रे पुरतात. ज्यांना भट्टी लावण्याची पद्धत प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसमध्ये शेतकी मदतनिसाकडे लागणीच्या तारखेसह नाव नोंदवावे. आम्ही पडवीपर्यंत येऊ.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग