मिश्र कुरण लावताना

हलक्या, पडीक रानात एकाच गवताऐवजी बहुवार्षिक गवत आणि द्विदल चारा मिसळून लावला, तर चाऱ्याचा कस वाढतो आणि मातीही धरून राहते.

● गवते : कोरड्या, हलक्या जमिनीत अंजन, ओल धरणाऱ्या मध्यम ते भारी जमिनीत मारवेल.

● द्विदल : स्टायलो, दशरथ घास. यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात. गवतात प्रथिने साधारण ५ ते ८ टक्के असतात, द्विदल चाऱ्यात १२ ते १८ टक्के.

● बांधावर : सुबाभूळ, शेवरी. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. तो एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये.

● बियाणे : अंजनाचे बी हेक्टरी ५ ते ६ किलो. ते वाऱ्याने उडते, म्हणून माती-शेणात कालवून गोळ्या कराव्यात. स्टायलोचे बी टणक कवचाचे. ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३-४ मिनिटे ठेवून सुकवावे. मारवेल ठोंबांनी लावता येते.

● पेरणी : पावसाळ्याच्या तोंडावर, दोन ओळी गवत, एक ओळ द्विदल. बी एक सेंटिमीटरहून खोल गेले, तर उगवण घटते.

● पहिले वर्ष : जनावरे सोडू नयेत, चारा कापूनच घालावा.

● पुढे : कुरणाचे कप्पे पाडून आळीपाळीने चराई. १० ते १५ सेंटिमीटर खुंट राखावा. दरवर्षी एक कप्पा बी झडेपर्यंत बंद ठेवावा; विरळ जागा त्याच बियांनी भरतात.