डोंगरपायथ्याची गावं – भाग ४ : रामटेकला डोंगर काय देतो

हुडकेश्वरला डोंगर नाही. नागपूरच्या दक्षिण टोकाची ही वस्ती काळ्या, सपाट जमिनीवर उभी आहे. शेतं मोडून लेआउट पडले, लेआउटवर घरं चढली आणि गच्चीवरून पाहिलं तर चारी दिशांना पाण्याच्या टाक्या दिसतात. तरीही इथल्या घराघरांत सातपुडा शिरलेला आहे. नागपूरकडची बांधकामं वर्षानुवर्षं कन्हानच्या रेतीवर झाली आणि ही कन्हान छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून खाली येते. शहराच्या नळांना पाणी पेंच आणि कन्हानचं. पेंचही त्याच डोंगराची लेक. म्हणजे हुडकेश्वरच्या माणसाला डोंगर पाहायला जावं लागतं खरं, पण डोंगर त्याच्याकडे रोजच येत असतो.

तो कोणत्या दारातून येतो, हे पाहायचं तर रामटेकला जावं. हुडकेश्वरपासून पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता. म्हाळगीनगर चौकातून रिंगरोड धरायचा, शहराला वळसा घालून कन्हानचा पूल ओलांडायचा आणि मनसरला उजवीकडे वळायचं. गाडी नसेल तर गणेशपेठहून एसटी आहे, नागपूरहून रेल्वेही आहे. ही रेल्वे कन्हानला हावड्याच्या मुख्य मार्गापासून फुटते आणि रामटेकला संपते. पुढे रूळ नाहीत, कारण पुढे डोंगर आहे.

गेल्या तीन भागांत पाहिलेली एक गोष्ट इथेही लागू पडते. डोंगरपायथ्याचं गाव हे डोंगरावरचं गाव नसतं आणि मैदानावरचंही नसतं. दोघांत देवघेव चालते, ती त्याच्या चौकात. वरून पाणी, लाकूड, दगड आणि खनिज उतरतं; खालून धान्य, पैसा, राजे आणि यात्रेकरू चढतात. रामटेकमध्ये ही देवघेव किमान सोळाशे वर्षं दिसते. आणि ती नुसत्या दंतकथांत नाही, ताम्रपटात आणि मातीच्या मुद्रेत दिसते.

मनसरहून गावाकडे वळलं की उजव्या-डाव्या शेतांमागे एक लांब टेकडी सरकत येते आणि तिच्या कडेवर पांढरी शिखरं दिसू लागतात. ते गडमंदिर. टेकडी घोड्याच्या नालेसारखी वळलेली आहे. गाव नालेच्या बाहेरच्या अंगाला आणि अंबाळा तलाव आतल्या कुशीत. जुन्या लेखांत या डोंगराचं नाव सिंदूरगिरी असं येतं. इथल्या दगडाला तांबूस झाक आहे आणि हिरण्यकशिपूच्या रक्ताने तो लाल झाला, अशी कथा सांगतात. कथेला पुरावा लागत नाही, पण ती सांगण्यासाठी वर नरसिंह मात्र खरोखर बसलेला आहे. एक नव्हे, दोन.

या दोन मंदिरांपैकी केवल नरसिंहाच्या मंदिरात १९८०च्या दशकात भिंतीवरचा एक झिजलेला शिलालेख उजेडात आला आणि विदर्भाच्या इतिहासाचं एक पान उलटलं. लेख वाकाटकांच्या काळचा, पाचव्या शतकातला. त्यात प्रभावतीगुप्ताच्या घराण्याचे प्रसंग येतात. ही बाई साधी राणी नव्हती. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती आणि राज्याचा कारभार तिच्या हाती आला. तिने दिलेला एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला. तो रामगिरीच्या, म्हणजे याच डोंगराच्या, स्वामींच्या पायाशी दिल्याचं त्यातच म्हटलं आहे. सनद राजधानीच्या दरबारातून न देता डोंगरावरच्या देवाच्या पायाशी द्यायची, यात भक्ती होती तसं राजकारणही होतं. मैदानातल्या राज्याला वरच्या देवाची साक्ष हवी होती.

राजधानी होती खाली, नंदिवर्धनला. म्हणजे आजचं नगरधन, रामटेकच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर. तिथे आज दिसतो तो किल्ला बराच नंतरचा, भोसलेकाळाशी जोडला जाणारा. पण २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने गावाच्या परिसरात उत्खनन केलं, तेव्हा मातीची एक लंबगोल मुद्रा हाती आली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्ताचं नाव आणि सोबत शंख. ताम्रपटातल्या बाईचा शिक्का तिच्याच राजधानीच्या मातीत सापडला.

मनसरची टेकडी हा याच गोष्टीचा तिसरा कोपरा. लोक तिला हिडिंबा टेकडी म्हणतात. १९७२ साली इथे शिवाची एक गुबगुबीत, प्रसन्न मूर्ती मिळाली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे १९९८पासून जगतपती जोशी आणि अ. कृ. शर्मा यांच्या देखरेखीखाली मोठं उत्खनन झालं आणि विटांचं भव्य मंदिर व वाड्याचे अवशेष उघडे पडले. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने वसवलेलं प्रवरपूर ते हेच, असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मात्र प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं मांडलं होतं. वाद अभ्यासकांचा आहे. प्रवाशाला एवढं पुरे की रामटेक, नगरधन आणि मनसर ही तीन ठिकाणं एका दिवसात पाहता येतात आणि एकत्र पाहिली तरच समजतात.

मनसरला जमिनीतून विटाच निघाल्या असं नाही.

विसाव्या शतकाच्या तोंडावर इथे मँगनीजचं खाणकाम सुरू झालं आणि या भागाचं नाव पोलादाच्या जगात पोहोचलं. पोलाद करताना त्यातला गंधक आणि प्राणवायू काढून टाकायला आणि त्याला कणखरपणा द्यायला मँगनीज लागतं. त्याला स्वस्त पर्याय आजही नाही. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा जिल्ह्यांतून मँगनीजचा एक पट्टा जातो. अब्जावधी वर्षांपूर्वी पाण्याखाली साचलेला गाळ जमिनीच्या पोटात दाबला, भाजला, मुडपला गेला आणि त्याचे हे काळे थर झाले. भूशास्त्रज्ञ या खडकांच्या गटाला सौसर म्हणतात आणि त्यातल्या थरांना इथल्याच गावांची नावं आहेत: मनसर, लोहांगी, चोरबावली. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी १९०९मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा रामटेकच्या आसपासची ही खेडी लंडनच्या कपाटात जाऊन बसली. बेलडोंगरी खाणीवरून त्यांनी एका पदार्थाला 'बेलडोंगराइट' हे नाव दिलं. विदर्भातल्या किती खेड्यांच्या नावाला असा खनिजशास्त्राचा प्रत्यय लागला असेल?

या खाणी आज मॉइलकडे आहेत. १९६२ साली ही कंपनी स्थापन झाली, १९७७मध्ये ती पूर्ण सरकारी मालकीची झाली आणि तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. रामटेकच्या गडावर जाणाऱ्या भाविकाला हे बहुधा माहीत नसतं. मनसर चौकात मात्र धूळ अंगावर घेऊन येणारा ट्रक ते सांगून जातो.

डोंगर पवित्रही ठेवायचा आणि खोदायचाही, हा पेच एकट्या रामटेकचा नाही. चेक प्रजासत्ताकात मोरावियाच्या पूर्व भागात, बेस्किडी डोंगरांच्या पायथ्याशी श्ट्राम्बेर्क नावाचं गाव आहे. लोकवस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. १३५९ साली त्याला नगराचे हक्क मिळाले. वर 'त्रूबा' नावाचा किल्ल्याचा गोल बुरूज, उतारावर लाकडी घरं आणि समोर चुनखडीची कोटौच टेकडी. या टेकडीवर शतकानुशतकं यात्रा भरायची. याच टेकडीच्या शिप्का गुहेत १८८० साली कारेल माश्का यांना निअँडरथल मुलाच्या जबड्याचा तुकडा सापडला. आणि लगेच पुढच्या वर्षी टेकडीच्या दुसऱ्या अंगाला चुनखडीची मोठी खाण सुरू झाली. भट्टीत लोखंडातली माती वेगळी काढायला चुनखडी लागते. ओस्ट्रावाच्या विट्कोवित्से कारखान्यांची भूक मोठी होती. आज कोटौचचा बराचसा भाग कापला गेला आहे. शेजारचंच कोप्रिव्नित्से म्हणजे टाट्रा ट्रकचं मूळ गाव; हे ट्रक भारतीय लष्कराने बरीच वर्षं वापरले. मोरावियाची चुनखडी आणि मनसरचं मँगनीज कधी एकमेकांना भेटले नसतील, पण दोघांचा मुक्काम एकाच प्रकारच्या भट्टीत होता.

श्ट्राम्बेर्कने डोंगरातून आणखी एक गोष्ट काढली: खाऊ. १२४१ साली मंगोल फौज पायथ्याशी तळ देऊन होती, लोक कोटौचवर लपले होते. रात्री वादळ झालं, गावकऱ्यांनी तळ्याचा बांध फोडला आणि तळ बुडाला, अशी कथा आहे. पाणी ओसरल्यावर शत्रूच्या छावणीत कापलेल्या कानांची पोती मिळाली म्हणे. त्या आठवणीने गावात मसाल्याच्या पिठाचे, कानाच्या आकाराचे शंकू भाजतात. त्यांना युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. कथा भयानक, खाऊ गोड, आणि परगावचा माणूस पुडा घेतल्याशिवाय परतत नाही.

रामटेकचा असा माल म्हणजे पान. इथलं कपुरी पान नागपूरच्या पानठेल्यांवर नावाने मागितलं जायचं. नागवेलीला ओल हवी पण साचलेलं पाणी नको, सावली हवी पण अंधार नको. पायथ्याची निचऱ्याची जमीन आणि बारमाही विहिरी तिला मानवल्या. बरई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे पानमळे जपले. गेल्या काही दशकांत खर्रा आणि गुटख्याने पानाची गादी हलवली आणि मळे घटले, तरी पानाशी जोडलेलं गावाचं नाव टिकून आहे.

पाण्याची मोठी गोष्ट मात्र खिंडसीची आहे. १८९९-१९००च्या दुष्काळाने मध्य प्रांताला हादरवल्यावर सरकारने सिंचनाची कामं हाती घेतली. त्यांपैकी सूर नदीवरचा रामटेक तलाव, म्हणजेच खिंडसी, १९१३मध्ये पूर्ण झाला. डोंगरांच्या मधली खिंड मातीच्या बांधाने अडवायची आणि साठलेलं पाणी पाटाने धानाला द्यायचं, एवढी सरळ कल्पना. नागपूरच्या पश्चिमेला कापूस आणि संत्रं, पूर्वेला धान. रामटेक या दोन शेतीपद्धतींच्या सीमेवर पडतं, म्हणून इथे तलावाला मोल आहे. आज पर्यटक खिंडसीला नौकाविहारासाठी जातात. शेतकऱ्याचं लक्ष मात्र पाणी कधी सुटतं याकडे असतं.

उत्तरेच्या जंगलात याहून कितीतरी मोठं धरण उभं राहिलं: पेंचवरचं तोतलाडोह. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा हा संयुक्त प्रकल्प; वीज १६० मेगावॅट. तिथून सुटलेलं पाणी खाली नवेगाव खैरीला अडवलं जातं आणि त्यातलं काही नागपूरकडे वळतं. या धरणाखाली जंगल आणि गावं गेली, उरलेल्या जंगलात व्याघ्र प्रकल्प झाला. दक्षिण नागपुरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईच्या हंड्यात पाणी येतं, त्याचा हिशेब या जंगलापासून सुरू होतो.

आता गड. पायथ्यापासून चढताना वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ असे चार दरवाजे लागतात. आजचं रूप बऱ्याच अंशी पहिल्या रघूजी भोसल्यांच्या काळातलं. परंपरा सांगते की त्यांनी मूर्ती बाहेरून घडवून मागवल्या होत्या, पण अखेर सूर नदीत मिळालेल्याच मूर्तींची स्थापना झाली. लक्ष्मणाच्या मंदिरात रामचंद्र यादवाच्या काळचा शिलालेख आहे आणि त्यात डोंगरावरच्या तीर्थांची यादी येते. सातशे वर्षांपूर्वीचं हे जणू मार्गदर्शन-पत्रकच.

या डोंगरावर हक्क सांगणारे अनेक आहेत, आणि एकमेकांशेजारी नांदतात. वाकाटकांचं भोगराम मंदिर आज महानुभावांचं पूजास्थान आहे. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची आठवण तिथे जपली जाते. पायथ्याशी शांतिनाथाचं जैन क्षेत्र आहे. आचार्य विद्यासागर महाराजांनी तिथे अनेक चातुर्मास केले. अंबाळ्याच्या घाटावर नागपूर-भंडाऱ्याची माणसं मृतांचे विधी करायला येतात. आणि कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर थांबला तो हाच, असं मिराशींनी हिरिरीने मांडलं; मल्लिनाथाने चित्रकूट म्हटलं होतं, काहींनी छत्तीसगडमधलं रामगढ. रामटेकने निकालाची वाट पाहिली नाही. डोंगरावर कालिदासाचं स्मारक झालं आणि १९९७मध्ये गावात कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठही. इथून १९८४ आणि १९८९मध्ये लोकसभेवर निवडून गेलेले पी. व्ही. नरसिंह राव पुढे पंतप्रधान झाले, हेही गावकरी सांगायला विसरत नाहीत.

जायचं कधी? त्रिपुरी पौर्णिमेला गर्दी प्रचंड असते; मंदिरावर त्रिपूर पेटतो तेव्हा पाय ठेवायला जागा मिळत नाही. निवांत पाहायचं तर आषाढाचे पहिले दिवस बरे: पाऊस नुकता पडलेला, धानाची नर्सरी हिरवी, डोंगर धुतलेला. सकाळी आधी नगरधन, मग मनसर आणि दुपार कलल्यावर गड, असा क्रम ठेवला तर राजधानी, मंदिर आणि खाण यांचा संबंध पायाखालून जातो. गडावर पिशवी हातात सैल धरू नये. माकडं प्रसाद आणि मोबाइल यांत भेद करत नाहीत.

पुढील भागात : सातपुड्याच्याच पायथ्याची, पण पश्चिमेकडची अचलपूर-परतवाडा ही जोडी, गाविलगडाच्या सावलीतली बाजारपेठ, १८०३ची लढाई आणि शकुंतला रेल्वे.