कार्यप्रणालीची निवड : मुक्तस्रोत की व्यापारी?

संगणक विकत घेताना आपण त्याची साठवणक्षमता, पडद्याचा आकार आणि किंमत यांची चौकशी करतो. त्यावर कोणती कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, बसवलेली आहे हे मात्र सहसा विचारत नाही. वास्तविक कळफलकावरील अक्षर पडद्यावर उमटवणे, फाइल जपून ठेवणे, प्रिंटरला आज्ञा देणे ही सर्व कामे तिच्यामार्फतच होतात. संगणक किती वर्षे निर्धोकपणे वापरता येईल, हेही बऱ्याच अंशी तीच ठरवते.

याचा प्रत्यय अनेकांना नुकताच आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबवले. वैयक्तिक वापरकर्त्यांना नावनोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा देण्याची योजना कंपनीने आखली. साहाय्य थांबल्यावर संगणक बंद पडत नाही. परंतु प्रणालीत नव्याने आढळणाऱ्या त्रुटींची दुरुस्ती मिळत नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षासुविधा व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीत असलेले कितीतरी संगणक त्या प्रणालीस अपात्र ठरले.

विंडोज व मॅकओएस या व्यापारी प्रणाली आहेत. पैसे मोजून आपण वापराचा परवाना घेतो. प्रणालीची मालकी कंपनीकडेच राहते आणि तिची मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड, सर्वांसाठी खुली नसते. या व्यवस्थेचे लाभ नाकारता येणार नाहीत. बहुतेक नवे संगणक विंडोजसह मिळतात, प्रिंटर व हिशेबाच्या आज्ञावली प्रथम तिच्यासाठी तयार होतात आणि तिची माहिती असणारा तंत्रज्ञ गावोगावी सापडतो. विनापरवाना प्रत वापरणे हा मात्र पर्याय नव्हे. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अशा प्रतीतून घातक आज्ञावली संगणकात शिरण्याचा धोका असतो.

मुक्तस्रोत प्रणालीचा विचार निराळा आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांस उपलब्ध केला. हाच लिनक्स होय. त्याच्या परवान्यानुसार कोणीही तो वापरावा, अभ्यासावा, बदलावा आणि इतरांना द्यावा. अट एवढीच की, बदललेली प्रत इतरांना देताना तिची संहिताही त्याच शर्तींवर द्यावी. डेबियन व उबंटू या प्रणाली त्यावरच उभ्या आहेत. अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे. येथे ‘मुक्त’ म्हणजे केवळ ‘फुकट’ नव्हे. रेड हॅटसारख्या कंपन्या याच प्रणालीसाठी मूल्य घेऊन सेवा देतात.

संहिता सर्वांना दिसते म्हणून ती असुरक्षित, असा एक समज आहे. ती दिसते म्हणून निर्दोष, असा दुसरा. मार्च २०२४ मधील घटनेने दोन्ही समजांना धक्का दिला. अनेक लिनक्स प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या आज्ञावलीत, दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका सहभागी व्यक्तीने चोरवाट पेरली होती. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना संगणकाशी जोडणी होताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. त्यांनी खुली संहिता तपासली आणि कट उघडकीस आला. खुलेपणामुळे तपासणी शक्य होते. तपासणारा माणूस मात्र लागतोच.

हाच धडा जर्मनीतील म्युनिक शहराने दिला. विंडोज एनटी ४ चे साहाय्य संपत आल्याने तेथील नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा मार्ग निवडला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणकांपैकी बहुतेक त्यावर आणले. पुढे कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, कागदपत्रांच्या देवाणघेवाणीतील अडचणी आणि राजकीय मतभेद वाढले. २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा निर्णय झाला. याउलट केरळमध्ये २००१ साली सुरू झालेल्या शालेय संगणक प्रकल्पाने पुढे मुक्त प्रणाली स्वीकारली. तेथे शिक्षकांना प्रशिक्षण देण्यावर भर दिला गेला आणि मुक्त प्रणाली शाळांत रुजली.

तेव्हा निवडीचा खरा प्रश्न केवळ किमतीचा नाही. व्यापारी प्रणालीत देखभालीची चिंता कंपनी वाहते. पण ती कधी थांबवायची हेही तीच ठरवते. मुक्तस्रोत प्रणालीत तो अधिकार बराचसा आपल्याकडे येतो, परंतु त्यासोबत शिकण्याची जबाबदारीही येते. आपला जुना संगणक विंडोज ११ स्वीकारत नसेल, तर तो भंगारात काढण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. नंतर लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा. अशा चाचणीसाठी मूळ प्रणाली पुसावी लागत नाही. प्रिंटर चालतो का, मराठी टंकलेखन जमते का, जुन्या फॉन्टमधील मजकूर वाचता येतो का, हे पाहावे. हिशेबाची आज्ञावली विंडोजवाचून चालत नसेल, तर त्या कामापुरता विंडोजचा संगणक ठेवणे शहाणपणाचे. उरलेल्या कामासाठी मात्र जुना संगणक आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकेल.