टोनी आयोमीची दोन बोटे

हेवी मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्णकठोर संगीतपंथाचा उगम बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला, असे सांगण्याचा प्रघात आहे; आणि ही कथा इतकी नाट्यपूर्ण आहे, की तिच्याकडे थोड्या संशयाने पाहणेच शहाणपणाचे. तिच्यातील मूळ घटना मात्र खरी आहे. 1948 साली त्या शहरात जन्मलेला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना, गिटारवादनाच्या दौऱ्यावर निघण्यासाठी नोकरी सोडून, शेवटच्या दिवसाचे काम उरकावयास गेला; दुपारी जेवावयास घरी आल्यावर परत जाण्याची त्याची इच्छा नव्हती, परंतु दिवस पुरा करून ये, असा आईचा हुकूम झाला; आणि गैरहजर कामगाराच्या जागी, हाताला सवय नसलेल्या यंत्रावर उभे राहावे लागून, उजव्या हाताच्या मध्यमेची व अनामिकेची अग्रे त्याने गमावली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच.

वैद्यांनी वादनाची आशा सोडण्याचा सल्ला दिला. कारखान्यातील एका वरिष्ठाने मात्र त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. 1928 मधील आगीत दोन बोटे निकामी होऊनही हा जॅझवादक अग्रगण्य ठरला होता. त्यानंतर आयोमीने जी तजवीज केली ती अस्सल कारागिराची होती: भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे घडविली, त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटविले, आणि तारांचा ताण सोसेना म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारीवर चढविल्या.

ऑझी ऑस्बोर्न, गीझर बटलर व बिल वॉर्ड यांच्यासह 1968 मध्ये उभ्या राहिलेल्या त्याच्या वाद्यवृंदाने पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव घेतले. मध्यंतरी थोडे दिवस आयोमी ‘जेथ्रो टल’ या दुसऱ्या वृंदात जाऊन आला आणि तेथील शिस्त पाहून, सकाळी नवाच्या ठोक्याला तालमीस हजर राहण्याचा शिरस्ता त्याने आपल्या मित्रांवर लादला. फेब्रुवारी 1970 मधील पहिल्या तबकडीचे नामगीत षड्ज, वरचा षड्ज आणि तेथून खाली तीव्र मध्यम, एवढ्याच स्वरांवर संथपणे चालते. युरोपातील जुन्या शास्त्र्यांनी या स्वरांतराचा संबंध सैतानाशी जोडला होता. आपल्याकडे यमन ऐकताना तीव्र मध्यमाने कोणी दचकत नाही, हे येथे नमूद करण्यास हरकत नसावी. स्वरापेक्षा त्याभोवतीची रचना आणि ध्वनिवर्धकातून मुद्दाम खरखरीत केलेला नाद यांचाच हा परिणाम.

त्या खरखरीत नादात चार-पाच स्वरांचा भरगच्च मेळ वाजविला, तर त्याचा नुसता कल्लोळ होतो. षड्ज-पंचमाची जोडी मात्र तंबोऱ्याप्रमाणे एकजीव राहून अधिकच भारदस्त होते. दुखावलेल्या बोटांना हीच जोडी झेपण्याजोगी होती. तारांचे स्वर उतरविल्याने त्या सैल पडतात व दाबण्यास सोप्या जातात, हा लाभही त्याने घेतला. पण येथे दंतकथेस आवर घातला पाहिजे. पहिली तबकडी नेहमीच्याच स्वरांत वाजविलेली आहे, आणि तीन अर्धस्वरांनी उतरविलेली गिटार 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये ऐकू येते. तोवर ‘पॅरनॉइड’ हे गीत गाजून गेले होते. सबब, अपघाताने त्याच्यावर मर्यादा घातल्या. शैली मात्र त्याने विचारपूर्वक रचली.

1979 मध्ये गायक ऑस्बोर्न बाहेर पडला, त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला, पुढेही गायक-वादक बदलत राहिले. प्रत्येक तबकडीवर कायम राहिला तो आयोमी एकटाच. 2012 च्या आरंभी त्याला लिंफोमा हा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले, तरी उपचार चालू असतानाच घडलेली ‘13’ ही तबकडी 2013 मध्ये ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानी पोहोचली. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे अखेरचे एकत्र वाजवीत असताना, त्याच व्यासपीठावर दिवसभर मेटॅलिका, स्लेयर, पँटेरा असे आयोमीच्या पठडीत वाढलेले वृंद हजेरी लावून गेले होते. धडधाकट बोटांचे असे अनेक वादक आज निव्वळ आवडीखातर आपल्या तारा आयोमीहूनही खाली उतरवितात.