ओसाका : अकरा चौरस मीटरांतला मुक्काम

ओसाकातील मध्यम दराच्या हॉटेलांत राहून गेलेल्या परदेशी पाहुण्यांचे अभिप्राय एकत्र वाचले, तर त्यांत दोन गोष्टी हटकून आढळतात. खोली इतकी लहान की बॅग उघडायला जमिनीवर जागा उरत नाही, ही तक्रार. आणि त्याच खोलीत कशाचीही उणीव भासली नाही, ही प्रशंसा. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही मतांचे मूळ एकच आहे. ही हॉटेले सहलीला निघालेल्या कुटुंबासाठी बांधलेली नव्हती. कंपनीच्या कामासाठी एक-दोन रात्री परगावी येणाऱ्या एकट्या नोकरदारासाठी त्यांची आखणी झाली, आणि पर्यटक त्या आखणीत मागाहून येऊन सामावला.

या प्रकाराला जपानमध्ये ‘बिझनेस हॉटेल’ म्हणतात. १९६४ साली टोकियो आणि ओसाका ही दोन शहरे बुलेट ट्रेनने जोडली गेली, आणि पुढच्या दशकांत उद्योगधंदे वाढत गेले तसा कामानिमित्त फिरणाऱ्या नोकरदारांचा एक मोठा वर्ग तयार झाला. मेजवानीचे दालन, प्रशस्त दिवाणखाना, सामान उचलणारे सेवक हे सारे खर्चिक प्रकार वगळून, स्थानकापासून पायी अंतरावर झोपण्याची आणि आंघोळीची स्वच्छ सोय तेवढी द्यावी, हे या हॉटेलांचे गणित होते. शहराच्या मध्यभागी जमिनीचे भाव चढे असल्यामुळे एकट्या माणसाची खोली साधारण ११ ते १३ चौरस मीटरांची, म्हणजे सव्वाशे चौरस फुटांच्या आसपासची ठेवली गेली. ‘सेमी-डबल’ म्हणून मिळणारा पलंग बहुधा १२० सेंटिमीटर रुंद असतो आणि तो दोघांसाठीही दिला जातो. अशा पलंगावर दोन प्रौढ माणसे झोपू शकतात हे खरे, पण कूस बदलताना एकमेकांची परवानगी घ्यावी लागते. शिवाय अनेक ठिकाणी भाडे खोलीवर नव्हे, तर माणशी आकारले जात असल्यामुळे, आरक्षणाच्या वेळी एक नाव आणि प्रत्यक्षात दोघे, असा भारतीय पद्धतीचा समजूतदारपणा तिथे चालत नाही.

खोलीतील न्हाणीघर हा या आखणीचा सर्वांत नमुनेदार भाग आहे. संडास, वॉश बेसिन आणि खोलगट टब यांसह भिंती-जमीन-छत असे सगळे एकाच साच्यात बसवलेल्या या न्हाणीघराला ‘युनिट बाथ’ म्हणतात, आणि तो टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकचा वारसा आहे. त्या स्पर्धेसाठी हजाराहून अधिक खोल्यांचे न्यू ओटानी हॉटेल दीड वर्षाच्या आत उभे करायचे होते. प्रत्येक खोलीत फरशा बसवणे, नळ जोडणे आणि ओल सुकण्याची वाट पाहणे या पद्धतीने ते शक्य नव्हते, म्हणून आज ‘टोटो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने न्हाणीघराचे भाग कारखान्यातच बनवून जागेवर जोडून देण्याची युक्ती काढली. स्वस्त हॉटेलांतील युनिट बाथमध्ये एकच नळ फिरवून बेसिनवर किंवा टबवर आणता येतो. काटकसर आणि कौशल्य यांची सीमारेषा तिथे दाखवणे अवघड आहे.

हाच विचार टोकाला नेणारे कॅप्सूल हॉटेल ओसाकातच जन्मले. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास निघून गेली की उशिरापर्यंत काम करणारे किंवा मद्यपानात रमलेले नोकरदार उमेदा भागातील साउनामध्ये, म्हणजे वाफेच्या स्नानगृहात, रात्र काढत. एका साउना-चालकाने त्यांच्या झोपेची नीट सोय करण्यासाठी वास्तुविशारद किशो कुरोकावा यांना गाठले, आणि १९७९ साली ‘कॅप्सूल इन ओसाका’ हे या प्रकारचे पहिले हॉटेल सुरू झाले. कुरोकावा हे ‘मेटाबोलिझम’ या जपानी वास्तुचळवळीतले अग्रणी होते. इमारत सजीवाप्रमाणे वाढावी आणि तिचे जीर्ण भाग काढून नवे बसवता यावेत, असे या चळवळीचे मत होते. टोकियोतील त्यांचा १९७२ चा नाकागिन कॅप्सूल टॉवर याच विचाराचे प्रतीक मानला गेला, मात्र त्याच्या कॅप्सूल कधीच बदलल्या गेल्या नाहीत आणि २०२२ साली तो पाडण्यात आला. गंभीर तत्त्वज्ञानातून घडलेली इमारत गेली आणि झिंगलेल्या कारकुनांसाठी केलेली सोय देशभर पसरली, हा वास्तुकलेच्या इतिहासातला एक मिस्कील प्रसंग म्हणावा लागेल.

कॅप्सूल साधारण दोन मीटर लांब आणि एकेक मीटर रुंद व उंच असते. आत गादी, दिवा, चार्जिंगची सोय आणि घड्याळाचा गजर एवढे असते, तर सामान कुलपाच्या कपाटात आणि न्हाणीघर सामायिक. तोंडाशी दार नसून पडदा असतो, हे पाहून नवखा पाहुणा बिचकतो. परंतु जपानी कायद्याच्या लेखी कॅप्सूल ही खोली नव्हे, सामायिक दालनातील झोपण्याची जागा आहे, आणि म्हणूनच तिला कुलूप लागत नाही. आरंभी ही हॉटेले केवळ पुरुषांची होती. आता अनेक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वतंत्र मजले असतात. खरा त्रास जागेचा नसतो, आवाजाचा असतो : शेजाऱ्याचे घोरणे आणि पहाटेची गाडी गाठणाऱ्यांच्या प्लास्टिक पिशव्यांची सळसळ यांवर अद्याप कोणत्याही वास्तुविशारदाला तोडगा सापडलेला नाही.

माणसाच्या जागी व्यवस्था, हे ओसाकातील मुक्कामाचे दुसरे अंग आहे. खोली दुपारी तीनच्या आधी सहसा मिळत नाही, पण सामान आधी आणून ठेवता येते. पैसे पुष्कळ ठिकाणी यंत्रात भरायचे असतात. आणि जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याच्या पारपत्राची नोंद घेणे हॉटेलवर बंधनकारक असते. बक्षिशी दिली जात नाही आणि कोणी अपेक्षाही करीत नाही. दात घासण्याचा ब्रश, कंगवा, दाढीचे पाते या वस्तू आता पुष्कळदा खोलीत न ठेवता तळमजल्यावरील फडताळातून हव्या तेवढ्याच उचलायच्या असतात, कारण एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने अशा प्लास्टिक वस्तूंचे वाटप कमी करण्याची जबाबदारी हॉटेलांवर टाकली. पलंगाशेजारची विजेरी आणि काही खिडक्यांवरील लाल त्रिकोण यांकडे पाहुण्याचे लक्ष क्वचितच जाते. विजेरी भूकंपात दिवे गेल्यास उपयोगी पडावी म्हणून, तर त्रिकोण अग्निशामक दलाला आत शिरण्याची जागा दाखवण्यासाठी असतो. भारतीय प्रवाशाने लक्षात ठेवायची बाब याहून साधी आहे : तिथली वीज १०० व्होल्टची आणि प्लगच्या पिना दोन व चपट्या असल्यामुळे अडॅप्टर जवळ असलेला बरा.

काही हॉटेलांत वरच्या किंवा तळाच्या मजल्यावर सार्वजनिक स्नानगृह असते आणि लहान खोलीची भरपाई तिथे होते. टबात उतरण्यापूर्वी ठेंगण्या स्टुलावर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचे, पाण्यात कपड्यांविना उतरायचे आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, हे तिथले नियम. गुन्हेगारी टोळ्यांशी असलेल्या जुन्या संबंधामुळे गोंदण असलेल्यांना काही ठिकाणी अजूनही प्रवेश नाकारला जातो, याची मराठी घरांतील एखाद्या गोंदवलेल्या आजीला कल्पनाही येणार नाही. आंघोळीनंतर घालायचा युकाता हा सुती झगा नेसताना डावा पदर उजव्यावर घ्यायचा असतो. उलट पद्धत मृतदेहासाठी राखलेली आहे.

शाकाहारी पाहुण्याची परीक्षा न्याहारीला होते. भात, मिसो सूप, आंबवलेले सोयाबीन आणि भाज्या पाहून सगळे चालण्याजोगे वाटते, परंतु सूपचा आणि शिजवलेल्या भाज्यांचा पाया असलेला ‘दाशी’ हा रस बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशापासून काढलेला असतो आणि जपानी स्वयंपाक्याच्या दृष्टीने तो मांसाहारात मोडतोच असे नाही. ज्यांना हे चालत नाही त्यांना ओसाकापासून रेल्वेने अर्ध्या तासावर असलेले कोबे जवळचे वाटते, कारण तिथे भारतीय व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आणि १९८५ साली बांधलेले जैन मंदिर आहे.

२०२४ साली जपानला ३ कोटी ६० लाखांहून अधिक परदेशी प्रवाशांनी भेट दिली आणि येन घसरलेला असल्यामुळे त्यांना सारे स्वस्त वाटले. हॉटेलांचे दर मात्र चढले, आणि त्यांची झळ ज्याच्यासाठी या खोल्या बांधल्या होत्या त्या जपानी नोकरदाराला बसू लागली. ओसाका प्रांतही २०१७ पासून मुक्कामावर कर घेतो. नोकरदाराच्या जागी पर्यटक येण्याचा हा बदल सर्वांत स्पष्ट दिसतो तो शिन-इमामिया स्थानकापाशी. रुळांच्या दक्षिणेला रोजंदारी मजुरांची जुनी वस्ती आहे, जिथे तीन तातामी चटयांच्या, म्हणजे जेमतेम पाच चौरस मीटरांच्या खोल्यांत, शहर उभारायला आलेले मजूर राहत. ते म्हातारे झाले, काम आटले, तसे तिथल्या काही मालकांनी त्याच खोल्या पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या परदेशी तरुणांना द्यायला सुरुवात केली. रुळांच्या उत्तरेला २०२२ साली होशिनो रिसॉर्ट्स या कंपनीने हिरवळीची मोठी बाग असलेले हॉटेल उघडले, आणि ते मात्र पहिल्यापासून पर्यटकालाच डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले आहे.