पवनानगरात शिकारी कुत्रा पाळायचाय? कायदा, शरीअत आणि देखभालीबद्दल थोडं

मोबाईलवर सध्या अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ भरपूर फिरतात. बर्फाचं माळरान, मागे पिंजरे बसवलेली पिकअप गाडी, दार उघडताच सुटलेले दोन-तीन लांब पायांचे कुत्रे आणि पुढे जीव घेऊन पळणारा कायोटी. आपल्या पोरांना हे आवडतं आणि मग प्रश्न येतो: आपणही असं सुरू केलं तर? पवना धरणाच्या काठच्या गावांत, काले कॉलनी म्हणजे पवनानगरपासून कामशेतपर्यंत, कुत्रे घेऊन रानात जाण्याची हौस नवीन नाही. ससा, रानडुक्कर, कधी कोल्हा, हे सगळं पूर्वी चालायचं असं म्हातारी माणसं सांगतात. त्यात आपल्या घरांत आणखी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कुत्र्याने केलेली शिकार तर आपल्यात जायज आहे ना!"

हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि अडचण उरलेल्या अर्ध्यात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अमेरिकेचं. कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा जवळचा भाऊबंद. मेंढ्या, कोकरं आणि कोंबड्या मारतो म्हणून तिथला शेतकरी त्याच्यावर खार खाऊन असतो. तिथल्या बऱ्याच राज्यांत नियम पाळून, लायसन काढून त्याची शिकार करता येते. कुत्र्यांच्या दोन तऱ्हा असतात. एक नजरेवर धावणारे, म्हणजे ग्रेहाउंड आणि त्याच्या संकरातले. सपाट, उघड्या प्रदेशात जनावर दिसलं की सोडायचे, दोन-चार मिनिटांत निकाल लागतो. दुसरे वासावर चालणारे. ते माग काढत, भुंकत, तासन्‌तास मागे लागतात. त्यांच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो आणि मालक गाडीत बसून स्क्रीनवर त्यांचा ठावठिकाणा बघतो. हा खेळ तिथेही वादाचा आहे. इंग्लंडमध्ये तर कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करण्यावर २००४ च्या कायद्याने बंदी आली.

आपल्याकडे हा खेळ इंग्रजांनीच आणला होता. उटीच्या वेनलॉक डाऊन्सच्या कुरणांवर आणि तिकडे पेशावरला साहेब लोक घोड्यावर बसून, विलायती कुत्र्यांची टोळी घेऊन कोल्ह्यामागे धावायचे. त्यांच्या देशातली लाल लोमडी इथे मिळेना, म्हणून कोल्हा पकडला. खायला कुणीच नेत नव्हतं, निव्वळ करमणूक होती. आपली देशी शिकार वेगळी होती. ती बहुतेक ताटासाठी होती.

कुत्रेही आपले वेगळे. मराठवाडा, सोलापूर आणि विजापूरच्या पट्ट्यात ज्याला कारवानी म्हणतात तो उंच, सडपातळ, खोल छातीचा कुत्रा. काफिल्यांबरोबर वायव्येकडून दख्खनमध्ये आला असं मानतात, नावच त्यावरून पडलंय. कानाला आणि शेपटीला रेशमी केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी हीच जात नावारूपाला आणली, म्हणून तिचं मुधोळ हाउंड हे नाव जास्त चालतं. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता आणि पुढे लष्करानेही त्याची चाचणी घेतली. सांगायचं कारण हे की पैसे टाकून विलायती ग्रेहाउंड मागवायची काही गरज नाही. पण कुत्रा चांगला मिळाला म्हणून शिकार करता येते असं होत नाही.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. कोल्हा आता अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघ आणि बिबट्याच्याच यादीत. ससा आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये. दोन्ही यादींतल्या प्राण्यांची शिकार कलम ९ प्रमाणे बंद आहे. अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. अनुसूची २ साठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. "आम्ही मारलंच नाही, नुसता कुत्रा मागे सोडला" हे उत्तर चालत नाही. या कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. मारणं तर आहेच, पण जनावराचा पाठलाग करणं, हाकारा देऊन पळवणं, सापळा किंवा फासा लावणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. ससा निसटला आणि कुत्रा हात हलवत परत आला तरी गुन्हा घडून गेलेला असतो. त्यासाठी वापरलेली गाडी आणि हत्यारं जप्त होतात ते वेगळंच. शिवाय करमणुकीसाठी एका जनावराला दुसऱ्याच्या अंगावर सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे.

आणि आजकाल पुरावा आपणच तयार करतो. पोरगा रील टाकतो, मागे तुंग किंवा तिकोना ओळखू येतो, तारीख वर असते. वनखात्याला आणखी काय लागतं? एक केस झाली की जामिनासाठी वडगावच्या चकरा, वकिलाची फी, नंतर पासपोर्टच्या आणि नोकरीच्या पडताळणीत दरवेळी तेच खुलासे. आखातात नोकरीला जायचं स्वप्न बघणाऱ्या पोराच्या घरी हे किती महाग पडतं ते आम्ही सांगायला नको. गाडीत मांस सापडलं की आपल्या माणसाला आधी किती प्रश्न विचारले जातात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

"रान आमच्या मालकीचं आहे" हाही मुद्दा लागू पडत नाही. सातबारा तुमचा असला तरी त्यावरचा ससा तुमचा नसतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतल्यावर चांगल्या हेतूने केलेल्या बचावाला कायद्यात माफी आहे. पण त्यातही मेलेलं जनावर सरकारचं, घरी आणायचं नाही.

शरीअतचा मुद्दा

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावरांनी पकडलेल्या शिकारीची परवानगी आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या परवानगीला अटी आहेत. हदीसमध्ये हजरत अदी बिन हातिम रजि. यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि त्याच्या उत्तरावरच फिकहचे बरेच नियम उभे आहेत. कुत्रा शिकवलेला हवा: सोडला तर जाईल, हाक मारली तर थांबेल आणि पकडलेलं स्वतः खाणार नाही. सोडताना अल्लाहचं नाव घ्यायला हवं. हनफी मसलकमध्ये हे आवश्यक आहे, विसरल्यास माफी, मुद्दाम सोडल्यास नाही. शाफईंकडे ती सुन्नत आहे. जनावर जिवंत हाती लागलं तर जबह करावंच लागतं. आणि आपल्या कुत्र्याबरोबर दुसरा न सोडलेला कुत्रा सामील झाला असेल, कुणी मारलं ते कळत नसेल, तर ते खायचं नाही.

आता ही शेवटची अट मावळात लावून बघा. एक कारवानी सुटला की वाडीतली चार गावठी कुत्री भुंकत मागे लागतात. पाच जण मिळून एक ससा फाडतात. त्यात हलाल काय उरलं?

ससा निदान मुळात हलाल आहे. कोल्हा नाही. सुळ्यांनी फाडून खाणारं जनावर हनफींकडे हराम आहे. कोकणी घरांतला शाफई मसलक तरस आणि लोमडीला सूट देतो, पण कोल्ह्याबाबत तिथेही ग्राह्य मत मनाईचंच आहे. रानडुकराचं तर बोलायलाच नको. मग कोल्ह्यामागे किंवा डुकरामागे कुत्रे सोडणं म्हणजे खाण्यासाठी नाही, फक्त जीव घेण्याची मजा. जिवंत प्राण्याला निशाणा बनवून खेळ करण्याची हदीसमध्ये सक्त मनाई आहे. परवानगी पोटासाठी होती. तिचा आधार घेऊन साहेबांचा खेळ खेळता येत नाही, असं आमचं मत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मसलकच्या मुफ्तींना जरूर विचारावं.

कुत्रा पाळण्याबद्दलही थोडं. विनाकारण कुत्रा ठेवला तर नेकीत रोज घट होते असं हदीसमध्ये आहे. त्यातून तीन कुत्रे वगळले आहेत: शिकारीचा, जनावरं राखणारा आणि शेत राखणारा. पहिल्याचा रस्ता कायद्याने बंद केला. उरलेले दोन उघडे आहेत, आणि पवनेच्या खोऱ्यात शेळ्या, कोंबड्या आणि भाताची शेती असलेल्या घराला ते लागूही पडतात. कुत्रा अंगणात, गोठ्याजवळ ठेवावा, राहत्या घरात नको. शाफई घरांत त्याची लाळ लागलेलं भांडं सात वेळा, त्यातल्या एकदा मातीने धुतात. हनफींकडे तीन वेळा धुणं पुरेसं आहे. त्याचं भांडं वेगळं ठेवलं की निम्मा प्रश्न मिटतो.

मग कुत्र्याचं करायचं काय

खरं सांगायचं तर निव्वळ राखणीला कारवानी फारसा कामाचा नाही. तो नजरेवर धावणारा आहे, सरळ गावठी कुत्रा त्याच्यापेक्षा जास्त भुंकतो. पण हौस असेल आणि शेत-जनावरांसाठी ठेवायचाच असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. ही कोरड्या माळाची जात आहे. अंगावर केस कमी. मावळातला चार महिन्यांचा पाऊस तिला झेपत नाही. कोरडी, उंचावरची, वर पत्रा असलेली जागा द्या आणि खाली गोणपाट. पावसाळ्यात गोचीड आणि तिचा ताप, आणि भातखाचरात उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो, या दोन्हींनी चांगले कुत्रे जातात. लेप्टोची लस एकत्रित लसीत मिळते, डॉक्टरांना विचारून घ्या. रेबीजची लस तीन महिन्यांच्या पिल्लाला, मग दरवर्षी. ही चुकवायची नाहीच.

वर्षाच्या आत पिल्लाला दमवून पळवू नका, सांधे कायमचे बिघडतात. पोटभर खाऊ घातल्यावर लगेच पळवू नका. पहाटे पळवा. भातखाचरात नको, बांधावरून उडी मारताना पाय मोडतो. सपाट मैदान बघा. धावण्याची त्याची हौस भागवायला ससा लागत नाही. लांब दोरीला पांढरी चिंधी बांधायची, दुसऱ्या टोकाला सायकलचं रिम फिरवून ती भराभर ओढायची. कुत्रा त्याच जोशात तिच्यामागे जातो. परदेशात याच्या रीतसर स्पर्धा होतात. पण आधी हाकेला परत यायला शिकवा. हे येईपर्यंत मोकळा सोडू नका, कारण पहिली शिकार बहुधा शेजाऱ्याच्या कोंबडीची होते आणि भांडण गावभर. रात्री तर बांधूनच ठेवा. इथल्या बिबट्याला कुत्रा फार आवडतो. धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो उगीच नाही.

कोल्ह्याने करडू नेलं किंवा डुकरांनी इंद्रायणीचं पीक लोळवलं तर राग येणारच, तो खरा आहे. त्यावर भरपाई मिळते. बिबट्या, लांडगा, कोल्हा, तरस यांनी मारलेल्या जनावरांसाठीही मिळते. अट एवढीच की मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, फोटो काढायचे आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवायचं, म्हणजे पंचनामा होतो. वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६. रानडुकरांचा फारच उपद्रव असेल तर परवानगीसाठी वडगाव मावळच्या वन कार्यालयात अर्ज देता येतो. पण परवानगी लेखीच लागते, कुणीतरी तोंडी "चालेल" म्हटलं म्हणून कुत्रे सोडायचे नाहीत. रात्री करडं पक्क्या खुराड्यात बंद केली आणि कोंबड्यांचा उकिरडा घराजवळून हलवला, तर कोल्ह्याचं येणंच कमी होतं. तो मुळात उंदीर आणि मेलेली जनावरं खाऊन जगतो.

एवढं सगळं करूनही कुत्रा कधी सुटला आणि कोल्ह्याशी भिडला, तर जखमा उघड्या हातांनी पुसू नका. कोल्ह्यालाही रेबीज होतो. हातमोजे घाला, कुत्र्याला त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, लस झालेली असली तरी. तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला, किंवा लाळ जखमेवर पडली, तर नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू करा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. पहिला डोस त्याच दिवशी, आणि बाकीच्या तारखा कार्डावर लिहून देतात त्या एकही चुकवू नका.