गालिच्याची पालथी बाजू

दुकानदार गालिचा उलगडतो, रंग दाखवतो, लोकरीवरून हात फिरवायला लावतो. आपण कोपरा धरून तो पालथा करावा.

उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यात गालिच्यांचं तीन तऱ्हांचं काम चालतं आणि तिन्हींना 'हाताने केलेलं'च म्हणतात. ते खोटं नाही, पण किमतीत एवढी तफावत का, हे त्यावरून कळत नाही.

पहिली तऱ्हा गाठींची. मागावर ताणलेल्या ताण्याच्या दोन सुतांभोवती लोकर गुंडाळायची, ओढायची, छुरीने कापायची. झाली एक गाठ. ओळ भरली की बाणा घालून लोखंडी पंज्याने ठोकायचं. सहा बाय नऊ फुटांच्या गालिच्यात चौरस इंचाला 100 गाठी धरल्या, तर होतात 7,77,600. दिवसाला आठ हजार गाठी मारणारे दोघे शेजारी बसले, तरी दीड महिना नुसत्या विणण्यात जातो. धुणं, कातरणं वेगळंच. काश्मीरमध्ये तर नक्षी 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहितात. एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे त्या रंगाच्या गाठी मारत जातात. असा गालिचा पालथा केला की नक्षी मागेही तशीच उमटलेली दिसते. झालर म्हणजे ताण्याचीच टोकं.

दुसरी टफ्टेडची. चौकटीवर ताणलेल्या कापडात पिस्तुलासारख्या यंत्राने लोकर टोचत जायची. काम काही दिवसांत उरकतं. गाठ नसतेच, म्हणून मागून लेटेक्स फासून वर दुसरं कापड चिकटवतात. माझ्याकडे असा एक होता. काही वर्षांनी खालच्या फरशीवर पिवळट भुकटी पडू लागली, पावसाळ्यात रबराचा वास यायचा. दुकानदाराने फसवलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं. चार-पाच वर्षांपुरता, बेताच्या पैशांत हवा असेल तर टफ्टेड घ्यावा, पण गाठींच्या भावात नव्हे.

तिसरी पंजा दरी, म्हणजे आपल्या सतरंजीची बहीण. लोकरीचा उभार नाही. बाणा इतका ठासलेला की ताणा दिसत नाही. दोन्ही बाजूंनी अंथरता येते, गॅलरीच्या कठड्यावर टाकून झोडपता येते. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात मी तर हीच घेईन.

परवा एका दुकानात गाठी मोजायला खिशात मोजपट्टी घेऊन गेलो होतो. कोपरा उलटला, मागे कापड. झालरीपाशी बोट नेलं तर शिलाई लागली. मोजपट्टी खिशातच राहिली.